२०० सागरी मैलांपर्यंतचा समुद्र देशाच्या मालकीचा असतो का?

‘किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा समुद्र त्या देशाच्या मालकीचा, विनापरवाना परकं जहाज आलं की ती घुसखोरी.’ हा मजकूर बरीच वर्षं फिरतो आहे. नकाशात तो पट्टा देशाच्याच रंगात दिसतो, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे.

मालकीचा दावा जुनाच. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अख्ख्या अरबी समुद्रावर हक्क सांगत. त्यांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, नसेल तर गलबत जप्त. (पुढे मराठा आरमारही दस्तकं देऊ लागलं, ही त्यातली गंमत.) १६०९ साली एका डच वकिलाने उलट मांडलं: समुद्र ताब्यात ठेवता येत नाही, म्हणून तो सर्वांचा. १६३५ मध्ये इंग्लंडमधून त्याला छापील उत्तर आलं. पुढे तडजोड निघाली ती तोफगोळ्याच्या टप्प्याची: किनाऱ्यावरून तोफगोळा पोहोचेल तेवढाच समुद्र देशाचा, साधारण ३ मैल.

आज सार्वभौमत्व १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. तिथूनही परक्या व्यापारी जहाजाला निरुपद्रवी ये-जा करता येते. त्यापुढे २०० मैलांपर्यंतचा हक्क मासळी, तेल, वायू अशा संपत्तीवर आहे, समुद्रावर नाही.

पडताळायचं असेल तर भारताचा १९७६ चा सागरी क्षेत्रांचा कायदा उघडा. १२ मैलांच्या पट्ट्याबद्दलच्या कलम ३ मध्ये ‘सार्वभौमत्व’ आहे, २०० मैलांच्या पट्ट्याबद्दलच्या कलम ७ मध्ये फक्त ‘सार्वभौम हक्क’, म्हणजे संपत्तीवरचे. सर्व देशांच्या जहाजांच्या संचार-स्वातंत्र्याची तरतूदही त्याच कलम ७ मध्ये सापडेल.