सूर्यफुलातले आकडे कोणाचे?

सूर्यफुलाचे पक्व तबक जवळून पाहिले, तर बिया केंद्रापासून कडेकडे वळत जाणाऱ्या सर्पिल रांगांत बसलेल्या दिसतात. काही रांगा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळतात, काही उलट. आणि दोन्ही मोजल्या की बहुधा ३४ व ५५ किंवा ५५ व ८९ अशी जोडी मिळते. १, २, ३, ५, ८, १३ अशी सुरू होणाऱ्या, प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज असलेल्या मालिकेतल्या या लगतच्या संख्या आहेत. ही मालिका फुलात आहे की मोजणाऱ्याच्या मनात, हा प्रश्न तत्त्वज्ञांचा मानला जातो. माझ्या मते त्याचा बराच भाग प्रयोगाने तपासता येतो.

इटालियन गणिती फिबोनाचीने १२०२ मध्ये ही मालिका सशांच्या उदाहरणातून मांडली, पण त्यापूर्वीच विरहांक आणि हेमचंद्र या भारतीय पंडितांना ती छंदशास्त्रात, म्हणजे काव्यातल्या वृत्तांच्या अभ्यासात, सापडली होती. लघू अक्षराची एक मात्रा आणि गुरूच्या दोन धरल्या, तर चार मात्रांची ओळ ५ प्रकारे रचता येते, पाच मात्रांची ८ आणि सहा मात्रांची १३ प्रकारे. ओळ लघूने संपली तर तिच्या आधी एक मात्रा कमी असलेली रचना असते, गुरूने संपली तर दोन मात्रा कमी असलेली. म्हणून मागच्या दोन उत्तरांची बेरीज करावी लागते. या मोजणीत फुलाचा संबंध कोठेच नव्हता, त्यामुळे मालिका मनाचीच निर्मिती आहे असे म्हणण्याचा मोह होतो.

मात्र वनस्पतीच्या अग्रभागी काय घडते ते पाहिले, की हा निष्कर्ष टिकत नाही. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म होफमायस्टरने १८६८ मध्ये नियम मांडला, की नवा अंकुर आधीच्या अंकुरांपासून सर्वांत मोकळी जागा असेल तेथे उगवतो. त्यामागे ऑक्सिन हे संप्रेरक असल्याचे आता ठाऊक आहे: उगवलेला अंकुर आजूबाजूचे ऑक्सिन स्वतःकडे ओढून घेतो, म्हणून त्याच्या शेजारी दुसरा उगवू शकत नाही. १९९२ मध्ये पॅरिसमध्ये स्टेफान दुआदी आणि इव्ह कूदे यांनी हाच नियम निर्जीव पदार्थावर तपासला. तेलाने भरलेल्या बशीच्या मध्यभागी चुंबकीय द्रवाचे थेंब ठरावीक अंतराने सोडले. चुंबकीय क्षेत्र त्यांना कडेकडे ओढत होते आणि थेंब एकमेकांना दूर ढकलत होते. थेंब सावकाश पडले तेव्हा ते आळीपाळीने समोरासमोरच्या बाजूंना गेले. वेग वाढवला तेव्हा लागोपाठच्या थेंबांमधला कोन १३७.५ अंशांजवळ स्थिरावला आणि बशीत तेच सर्पिल उमटले. थेंबांना बेरीज येत नाही आणि बशीत कोणी मोजणाराही नव्हता. म्हणूनच मला वाटते, की परस्परांपासून दूर राहण्याचा संबंध निसर्गाचा आहे, आणि तो सर्पिलांच्या संख्येत मांडण्याची भाषा आपली.

अर्थात मन आपला आकृतिबंध निसर्गावर लादतेही. नॉटिलस या समुद्री प्राण्याच्या शंखाला सुवर्णसर्पिल, म्हणजे याच मालिकेतल्या लगतच्या संख्यांच्या गुणोत्तरावर आधारलेले सर्पिल, म्हणण्याची प्रथा आहे. सुवर्णसर्पिल एका पूर्ण वेढ्यात सुमारे ६.८५ पट वाढते, तर तो शंख साधारण तिपटीनेच. शंखाचा आकार गणिती आहेच, पण त्याला चिकटवलेली संख्या चुकीची आहे. शंखावर मोजपट्टी ठेवून ही चूक दाखवता येते, आणि जेथे निसर्ग आपल्याला अशा प्रकारे खोटे ठरवू शकतो, तेथे सगळेच मनाचे खेळ आहेत असे म्हणणे कठीण जाते.

सूर्यफुलांचीही अशी तपासणी झाली आहे. पर्णविन्यासाचे, म्हणजे वनस्पतीवरच्या पानांच्या व बियांच्या मांडणीचे, गणित सोडवू पाहणाऱ्या गणिती ॲलन ट्युरिंगच्या जन्मशताब्दीनिमित्त मँचेस्टरमधून लोकांना सूर्यफुले लावण्याचे आवाहन करण्यात आले, आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात ६५७ तबकांची मोजणी होती. बहुतेक मोजण्या अपेक्षित संख्यांशी जुळल्या. पण काही तबकांत ४, ७, ११, १८, २९, ४७ या वेगळ्या मालिकेतल्या संख्या आढळल्या, आणि काहींत कोणत्याच प्रसिद्ध मालिकेत न बसणाऱ्या. तोच नियम सुरुवातीच्या थोड्या वेगळ्या मांडणीपासून चालू झाला, तर दुसरी मालिकाही देऊ शकतो.