रग्बी युनियनमधील शिस्तभंग व सुनावणी

पंधरा जणांच्या रग्बी खेळात धोकादायक किंवा अखिलाडू कृत्याबद्दल खेळाडूला जबाबदार धरण्याची पद्धत. तिचे दोन टप्पे आहेत. पहिला मैदानावर पंच पुरा करतो. दुसरा सामना संपल्यानंतर, पंचाशी संबंध नसलेल्या समितीपुढे पार पडतो. गैरखेळाचे प्रकार खेळाच्या नवव्या कायद्यात दिले आहेत, तर पुढील कारवाईची रीत ‘वर्ल्ड रग्बी’ या जागतिक संघटनेच्या सतराव्या विनियमात आहे.

खानदेशातील वाचकाला यातला दुसरा टप्पा अनोळखी वाटतो. इकडे पंचाचा निवाडा जागच्या जागी लागतो आणि तिथेच संपतो. यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत (कोल्हापूर-सांगलीकडे हिलाच ‘मैदान’ म्हणतात) पाठ टेकली की नाही यावरून दोन्हीकडचे लोक आखाड्यात उतरतात. पंच शेजारच्या दोघातिघा जुन्या पहिलवानांकडे बघतो. माइकवरचा माणूस तोवर पुढच्या जोडीचे इनाम पुकारू लागलेला असतो. दोनेक मिनिटांत एकाचा हात वर होतो, नाहीतर कुस्ती बरोबरीत सोडवून इनाम निम्मे-निम्मे वाटले जाते. दुसऱ्या दिवशी त्याचा कागद होत नाही. रग्बीत कागदाला सुरुवातच दुसऱ्या दिवशी होते.

उगम : या पद्धतीचे मूळ कोठे शोधावे याबद्दल एकमत नाही. इंग्लंडमधील रग्बी शाळेच्या विद्यार्थ्यांनी १८४५ मध्ये खेळाचे नियम प्रथम लेखी केले. वादाचा निवाडा दोन्ही बाजूंच्या प्रमुखांनी किंवा त्यांनी नेमलेल्या दोघांनी करावा, असे त्यांत सांगितले होते. म्हणजे त्या काळी पंच नव्हता. भांडणारेच निवाडा करणारे होते. (विल्यम वेब एलिस या मुलाने १८२३ मध्ये चेंडू हातात घेऊन धाव घेतली, ही प्रसिद्ध कथा बरीच नंतर, १८७६ व १८८० मधील पत्रांतून पुढे आली. तिला समकालीन पुरावा नाही आणि शिस्तीच्या इतिहासाशी तिचा संबंधही नाही.)

शिस्तीच्या दृष्टीने पहिला खरा प्रश्न नडगीवर लाथ मारण्याचा. प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ हाणणे हा जुन्या खेळात रीतसर डाव होता. १८६३ मध्ये लंडनला फुटबॉल असोसिएशनच्या बैठकांत तो वगळण्याचे ठरले, तेव्हा ब्लॅकहीथ क्लब त्या संघटनेतून बाहेर पडला. पुढे २६ जानेवारी १८७१ रोजी २१ क्लबांनी रग्बी फुटबॉल युनियन स्थापन केली आणि त्याच वर्षीच्या कायद्यांत लाथ मारण्यास बंदी घातली. ज्या डावासाठी एक संघटना सोडली, तोच आठ वर्षांत स्वतःच्या घरात गुन्हा ठरला. क्लबांत वयाने वाढलेले, सोमवारी कामावर जाणारे लोक खेळू लागले होते, हे त्याचे एक कारण बहुधा असावे.

सुनावणीच्या उगमाबद्दल मुख्यतः दोन मते मांडता येतात. पहिल्या मतानुसार आरंभ ३ जानेवारी १९२५ ला झाला. त्या दिवशी ट्विकेनहॅम येथे इंग्लंड-न्यूझीलंड सामन्यात वेल्सचे पंच अल्बर्ट फ्रीथी यांनी न्यूझीलंडच्या सिरिल ब्राउनली यांना बाहेर काढले. आंतरराष्ट्रीय सामन्यातून खेळाडू हाकलला जाण्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते. न्यूझीलंडने एक गडी कमी असताना सामना १७–११ असा जिंकला. नंतर ४२ वर्षे तसे पुन्हा घडले नाही. १९६७ मध्ये मरेफील्ड येथे आयर्लंडचे पंच केव्हिन केलेहर यांनी न्यूझीलंडच्याच कॉलिन मीड्स यांना बाहेर काढले आणि मीड्स यांच्यावर दोन सामन्यांची बंदी आली.

दुसरे मत आरंभ आणखी मागे, १८८४ च्या इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यात पाहते. स्कॉटलंडच्या खेळाडूने चेंडू मागे ठोसला, तो इंग्लंडच्या किंडर्स्ली यांना मिळाला आणि त्यांनी ट्राय केला (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून गुण मिळवला). चेंडू असा ठोसणे नियमबाह्य असल्याने खेळ तिथेच थांबायला हवा होता, असे स्कॉटलंडने म्हटले. चूक ज्याची त्यालाच तिचा फायदा कसा, हा इंग्लंडचा सवाल होता. वाद मैदानावर मिटला नाही. १८८६ मध्ये स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्स यांनी आंतरराष्ट्रीय मंडळ काढले. इंग्लंड त्यात गेले नाही आणि १८८८ व १८८९ या दोन वर्षी त्याचे या तिघांशी सामने झाले नाहीत. शेवटी प्रश्न दोन लवादांकडे सोपवला गेला : स्कॉटलंडचे ज्येष्ठ न्यायाधीश लॉर्ड किंग्जबर्ग आणि फुटबॉल असोसिएशनचे अध्यक्ष मेजर मॅरिंडिन. त्यांचा निवाडा १८९० मध्ये आला आणि इंग्लंड मंडळात दाखल झाले.

या मतावरचा आक्षेप उघड आहे : लवादापुढे खेळाडूचा गुन्हा नव्हता, कायदा कोणी करायचा हा अधिकाराचा वाद होता. आक्षेप खरा असला, तरी दुसरे मत अधिक पटते. १९२५ मध्ये वापरला गेला तो पंचाचा मैदानावरचा अधिकार होता, आणि तो तोवर नवा राहिला नव्हता. बाहेरच्या तटस्थ माणसांपुढे कागद ठेवणे आणि त्यांचा निवाडा दोघांनी मान्य करणे, हा आजच्या सुनावणीचा गाभा १८९० मध्येच दिसतो.

पिवळे व लाल कार्ड फुटबॉलमधून आले. तिकडे ती १९७० च्या विश्वचषकात प्रथम वापरली गेली. रग्बी युनियनमध्ये ती सर्रास झाली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. ‘सिन बिन’ (पिवळे कार्ड मिळालेल्याने ठरावीक वेळ बाहेर बसणे) हा शब्द बहुधा आइस हॉकीतून, तेरा जणांच्या रग्बी लीगमार्गे आला असावा. ऑगस्ट १९९५ मध्ये रग्बी युनियनने खेळाडूंना पैसे देण्यावरची बंदी उठवली. तेव्हापासून चार आठवड्यांची बंदी म्हणजे चार आठवड्यांची कमाई झाली आणि सुनावणीत वकील दिसू लागले.

मैदानावरील कारवाई : पिवळे कार्ड मिळालेला खेळाडू दहा मिनिटे बाहेर बसतो. दोन पिवळी म्हणजे लाल, आणि लाल म्हणजे सामन्यातून बाद. २०२३ पासून मोठ्या सामन्यांत ‘बंकर’ आहे. पंच पिवळे कार्ड दाखवून खेळ सुरू करतो आणि दुसरा अधिकारी चित्रफिती पाहून आठ मिनिटांच्या आत कार्ड पिवळेच ठेवायचे की लाल करायचे ते ठरवतो. वीस मिनिटांनंतर बदली खेळाडू उतरवू देणारे लाल कार्ड काही स्पर्धांत आहे. त्याने लाल कार्डाची जरब कमी होते, अशी तक्रार मुख्यतः युरोपातून होते.

आरोप : समितीपुढे जाण्याच्या वाटा दोन. लाल कार्ड मिळाले की प्रकरण आपोआप जाते. शिवाय प्रत्येक मोठ्या सामन्याला आरोप नोंदवणारा आयुक्त नेमलेला असतो. पंचाच्या नजरेतून सुटलेले, किंवा पंचाने थोडक्यात सोडलेले कृत्य लाल कार्डाच्या तोलाचे होते असे त्याला वाटले, तर तो ठरलेल्या तासांच्या आत आरोप नोंदवतो. त्या पायरीला किंचित कमी पडणाऱ्या कृत्यावर तो तंबी देऊ शकतो. निकाल लागेपर्यंत खेळाडूला खेळता येत नाही.

सुनावणी : समिती बहुधा तिघांची असते. अध्यक्ष वकील किंवा न्यायाधीश, उरलेले दोघे बहुधा माजी खेळाडू, प्रशिक्षक वा पंच, आणि तिघेही तटस्थ देशांचे. आता हे काम बरेचसे दूरदृश्य बैठकीत होते. पुराव्याची कसोटी फौजदारी खटल्याची नाही. कोणती बाजू अधिक संभवते एवढेच तोलले जाते. लाल कार्ड असेल तर पंच चुकला हे दाखवण्याचा भार खेळाडूवर पडतो. समितीने कार्ड चुकीचे ठरवले तरी सामन्याचा निकाल बदलत नाही.

प्रत्यक्ष काम चित्रफितीवर चालते. तोच दीड सेकंद चार कोनांतून, आधी नेहमीच्या वेगात आणि मग संथ करून पाहिला जातो. टॅकल करणारा (चेंडू घेतलेल्या गड्याला धरून खाली आणणारा) कमरेत वाकला होता का? हात कवेसाठी उघडले होते की एक हात अंगालगत दुमडलेला होता? चेंडू घेतलेला गडी ऐनवेळी खाली झुकला का, की वाटेत दुसऱ्याचा धक्का लागून त्याची दिशा बदलली? डोक्याला लागलेल्या माराबाबत चार प्रश्न क्रमाने विचारले जातात : डोक्याशी संपर्क झाला का, गैरखेळ होता का, धोका किती होता, दोष सौम्य करणारे काही होते का. ही चौकट २०१९ मध्ये उंच टॅकलसाठी आली आणि २०२१ मध्ये तिला डोक्याच्या संपर्काची प्रक्रिया असे व्यापक रूप मिळाले.

दोष ठरला की शिक्षेचे गणित सुरू होते. प्रत्येक गुन्ह्याला खालची, मधली व वरची अशा तीन पायऱ्या आहेत. धोकादायक टॅकलला २, ६ व १० किंवा अधिक आठवडे, कमाल ५२. चावण्याला १२, १८ व २४ किंवा अधिक, कमाल २०८. पंचावर हात टाकल्यास २४ पासून थेट आजन्म. हे आकडे अधूनमधून बदलले जातात. गैरखेळात डोक्याला वा मानेला संपर्क झाला तर किमान मधली पायरी लागते, म्हणजे उंच टॅकलला सहा आठवडे. नंतर दोषाची कबुली, आजवरची स्वच्छ नोंद, वय, पश्चात्ताप आणि सुनावणीतील वागणूक पाहून निम्म्यापर्यंत सूट मिळते. टॅकल सुधारण्याचा प्रशिक्षणवर्ग पुरा केल्यास शेवटचा एक सामना वजा होतो. वर्तमानपत्रात ‘दोन सामन्यांची बंदी’ छापून येते, तिच्या मागे बऱ्याचदा सहाचे तीन आणि तिनाचे दोन झालेले असतात. २०२३ च्या विश्वचषकात इंग्लंडच्या टॉम करी यांच्या बाबतीत नेमके हेच झाले. आठवडा म्हणजे व्यवहारात सामना, आणि कोणता सामना मोजायचा यावर कधी कधी मूळ गुन्ह्यापेक्षा जास्त वाद होतो.

ओवेन फॅरल प्रकरण : पद्धतीतील ताण यात सर्वांत स्पष्ट दिसतो. १२ ऑगस्ट २०२३ रोजी वेल्सविरुद्ध इंग्लंडचे कर्णधार फॅरल यांचा खांदा टेन बॅशम यांच्या डोक्याला लागला. पिवळे कार्ड बंकरने लाल केले. तीन ऑस्ट्रेलियन सदस्यांच्या समितीने मात्र ते रद्द ठरवले. फॅरल यांच्या सहकाऱ्याच्या धक्क्याने बॅशम यांची दिशा ऐनवेळी बदलली, असे तिचे म्हणणे. वर्ल्ड रग्बीने स्वतःच अपील केले. फॅरल यांनी कवेत घेण्याचा प्रयत्नच केला नव्हता, त्यामुळे टॅकल मुळातच नियमबाह्य होते आणि तिथे सौम्य करणारे कारण लागू होत नाही, असे अपील समितीने २२ ऑगस्टला ठरवले. सहाच्या पायरीवरून चार सामन्यांची बंदी आली : दोन सरावाचे, दोन विश्वचषकाचे. पहिल्या समितीने चौथा प्रश्न दुसऱ्याच्या आधी सोडवला, असे म्हणता येईल. अपिलाचा तर्क अधिक सुसंगत वाटतो.

हेतूला किती वजन द्यावे हा वाद मात्र मिटलेला नाही. २०११ च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात वेल्सचे सॅम वॉर्बर्टन यांनी व्हिन्सेंट क्लेर्क यांना उचलून आदळले. पंच आलँ रोलाँ यांनी लाल कार्ड दाखवले, वेल्स फ्रान्सकडून ९–८ असे हरले आणि वॉर्बर्टन यांना तीन आठवडे बंदी झाली. द्वेष नव्हता हे बहुतेकांना मान्य होते. आजचे नियम झालेला धोका पाहतात; मनात काय होते ते नंतर, सूट देताना.

गैरखेळात न बसणाऱ्या गैरवर्तनाला वेगळे विनियम आहेत. २००९ मध्ये हार्लेक्विन्स या इंग्लिश क्लबच्या टॉम विल्यम्स यांनी तोंडात खोट्या रक्ताची कुपी फोडून जखमेचे सोंग केले, कारण रक्तस्राव झालेल्या गड्याच्या जागी आधी बदललेला गडी पुन्हा उतरवता येत होता. त्यांना १२ महिन्यांची बंदी झाली. अपिलात त्यांनी खरे सांगितले, तेव्हा ती चार महिन्यांवर आली आणि प्रशिक्षक डीन रिचर्ड्स यांच्यावर तीन वर्षांची बसली. २०२१ मध्ये पंच निक बेरी यांच्या चुका मोजणारी तासाभराची चित्रफीत केल्याबद्दल दक्षिण आफ्रिकेचे रॅसी इरॅस्मस यांना दोन महिने रग्बीपासून पूर्ण दूर ठेवण्यात आले.

भारत व खानदेश : राष्ट्रीय संघटना १९९८ ची, मुख्यालय मुंबईत. देशात सात जणांचा प्रकार अधिक रुजला आहे. त्यात सात-सात मिनिटांचे दोन डाव असतात, म्हणून सिन बिनही दोनच मिनिटांचे. कबड्डीच्या पिवळ्या कार्डालाही दोन मिनिटेच असल्याने जळगाव-धुळ्याच्या मुलांना ते लगेच समजते. स्थानिक पातळीवर संघटना हीच चौकट आटोपशीर करून वापरू शकतात. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत मात्र मैदाने अजून कुस्ती, कबड्डी, खो-खो आणि क्रिकेटचीच आहेत.

शब्दांबाबत एक सावधगिरी. टॅकलसाठी येथे सहज ‘पकड’ म्हटले जाते. कबड्डीतही चढाई करणाऱ्याला धड व हातपाय सोडून मुद्दाम दुसरीकडे पकडता येत नाही, तेव्हा मान सोडण्याचा धडा दोन्हीकडे एकच. पण कबड्डीत धरून ठेवणे हाच विजय असतो. रग्बीत गडी जमिनीवर आला की त्याला ताबडतोब सोडावे लागते आणि न सोडल्यास दंड होतो. त्यामुळे या नोंदीत ‘टॅकल’ हाच शब्द ठेवला आहे.