सेल्मा ते मॉन्टगोमेरी : नोंदणीच्या खिडकीपासून महामार्गापर्यंत

मार्च १९६५ मध्ये अमेरिकेच्या अलाबामा राज्यात कृष्णवर्णीयांनी सेल्मा ते राजधानी मॉन्टगोमेरी असा मोर्चा काढला. त्याबद्दल वाचताना ‘मताधिकार’ या शब्दाने गोंधळ होतो. कागदोपत्री हा अधिकार १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने मिळालेलाच होता. भांडण होतं ते मतदार नोंदणीचं. आपल्याकडे मतदारयादी करणं ही निवडणूक यंत्रणेची जबाबदारी. यादीचं काम करणारा माणूस घरी येतो. अलाबामात नागरिकानेच काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कचेरीत जाऊन नाव लावून घ्यायचं, आणि ते लावायचं की नाही हे तिथल्या गोऱ्या निबंधकांच्या मर्जीवर.

सेल्मा हे डॅलस काउंटीचं मुख्य गाव. तिथली नोंदणीची खिडकी महिन्यातून दोनच सोमवारी उघडायची. नंबर लागलाच तर हातात लांबलचक अर्ज पडे. त्यात नोकरी कुठे, मालक कोण, हेही लिहायचं. त्यामुळे अर्ज केल्याची खबर मालकापर्यंत पोचायची आणि कामावरून काढल्याचा निरोप मागोमाग यायचा. मग चाचणी: राज्यघटनेतला उतारा, राज्यकारभारावरचे प्रश्न. शिवाय आधीच मतदार असलेल्या कोणीतरी ओळख पटवून द्यावी लागे. जिथे कृष्णवर्णीय मतदार मुळातच मोजके, तिथे ही हमी देणार कोण? अर्ज नाकारायला एखादी रिकामी राहिलेली ओळ पुरत असे. वर दीड डॉलरचा वार्षिक मतदान-कर. केंद्रीय निवडणुकांपुरता तो १९६४ मध्ये गेला, राज्याच्या निवडणुकांना मात्र कायम होता. काउंटीत मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय सुमारे १५,०००, नोंदलेले तीनशेच्या आसपास. शेजारच्या लाउन्डस काउंटीत दर पाच माणसांत चार कृष्णवर्णीय, आणि यादीत एकही नाही.

केंद्र सरकारने खटले भरले होते. पण खटला एकेका काउंटीपुरता. निकाल लागेपर्यंत वर्षं जायची आणि तोवर चाचणीचं स्वरूप बदललेलं असायचं. स्थानिक कार्यकर्ते हे सगळं बरीच वर्षं सोसत आले होते, हे विसरू नये. बाहेरचे नेते नंतर आले. जुलै १९६४ मध्ये काउंटीच्या न्यायाधीशाने नागरी हक्क संघटनांच्या नावाखाली तीन किंवा अधिक जणांनी एकत्र जमायलाच बंदी घातली. ती मोडायची म्हणून २ जानेवारी १९६५ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची सभा झाली. त्याच महिन्यात शंभरावर शाळाशिक्षक कचेरीवर चालून गेले. त्यांच्या नोकऱ्या गोऱ्या शाळा मंडळाच्या हातात होत्या, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या पावलाचं मोल कळतं. १८ फेब्रुवारीला जवळच्या मॅरियन गावी रात्रीच्या मोर्चावर पोलीस तुटून पडले, त्यात २६ वर्षांच्या एका तरुणाला गोळी लागली आणि आठ दिवसांनी तो गेला. त्याचं प्रेत थेट राज्यपालांच्या दारात नेऊन ठेवावं, या संतापातून राजधानीवर चालत जाण्याची कल्पना निघाली.

७ मार्चचा रविवार सर्वांना माहीत आहे: राजधानीकडे निघालेली सुमारे ६०० माणसं, सेल्मातला एडमंड पेटस पूल, आणि तिथे त्यांच्यावर पोलिसांचा अश्रुधूर, लाठ्या, घोडे. खरा पेच दोन दिवसांनी पडला, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

किंग यांची हाक ऐकून देशभरातून धर्मगुरू आणि कार्यकर्ते सेल्मात पोचले होते. मोर्चाला संरक्षण मिळावं म्हणून चळवळीने केंद्रीय न्यायालयात अर्ज केला होता; न्यायाधीशांनी उलट सुनावणी होईपर्यंत मोर्चाच थांबवायचा हुकूम दिला. दक्षिणेत राज्य सरकार, शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख), स्थानिक न्यायालयं सगळी विरोधात. दाद मागायला जागा होती ती एवढीच, आणि तिचाच हुकूम मोडायचा? उलट घरीच बसावं, तर बाहेरून आलेल्या माणसांना काय सांगायचं? राष्ट्राध्यक्षांच्या मध्यस्थामार्फत आडून समझोता ठरला: पूल ओलांडायचा, प्रार्थना करायची, मागे फिरायचं. ९ मार्चला किंग यांच्या मागे दोन हजारांवर माणसं निघाली. बहुतेकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. प्रार्थना संपताच पोलीस अचानक बाजूला झाले. पुढचा रस्ता मोकळा दिसत होता. पुढे गेले असते तर न्यायालयाचा अवमान. किंग वळले. मागे येणाऱ्यांत तरुण कार्यकर्ते संतापले होते, आणि त्यांचा राग खोटा नव्हता: ज्यांनी परवा डोकी फोडून घेतली, त्यांना विश्वासात न घेता निर्णय झाला होता. आमच्या मते मागे फिरणं योग्य होतं, लपवणं चुकलं. कारण १७ मार्चला त्याच न्यायाधीशांनी निकाल दिला की अन्याय जितका मोठा, तितकाच निदर्शनाचा हक्क मोठा. हुकूम मोडला असता तर हा निकाल इतक्या सहज हाती आला नसता. त्या मंगळवारी रात्रीच मात्र सेल्मात एका गोऱ्या धर्मगुरूला जबर मारहाण झाली. ते ११ तारखेला वारले.

निकालाने मोर्चाचा आराखडा पक्का केला. अंतर ५४ मैल, म्हणजे सुमारे ८७ किलोमीटर. महामार्ग ८० लाउन्डस काउंटीत दोन पदरी होत असल्याने त्या पट्ट्यात ३०० पेक्षा जास्त माणसं नकोत. बंदोबस्ताचा खर्च करायला राज्यपालांनी नकार दिल्यावर अलाबामाचं राखीव दल केंद्राने आपल्या हुकमाखाली घेतलं, सैनिकही आले. २१ मार्चला हजारोंनी सुरुवात केली. पहिले तीन मुक्काम कृष्णवर्णीय मालकांच्या शेतांत. जमीन देणं म्हणजे सूड ओढवून घेणं, तरी त्यांनी दिली. चौथा मॉन्टगोमेरीच्या वेशीवर, कॅथलिक संस्थेच्या आवारात. जेवण सेल्मातल्या एका चर्चमध्ये शिजायचं आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या कोऱ्या कचराकुंड्यांतून ट्रकने पोचवलं जायचं. इतक्या माणसांचं अन्न वाहायला एवढी मोठी दुसरी भांडी नव्हती. वाटेत पाऊस, चिखल, पायांना फोड. २५ मार्चला राजधानीत सुमारे २५,००० लोक होते. त्याच रात्री मोर्चेकऱ्यांना गाडीतून पोचवणाऱ्या एका स्वयंसेविकेला लाउन्डसच्या रस्त्यावर गोळ्या घातल्या गेल्या.

६ ऑगस्ट १९६५ ला मताधिकार कायदा झाला. चाचण्या थांबल्या, केंद्राचे अधिकारी नोंदणीला बसले, आणि पूर्वेतिहास वाईट असलेल्या राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घेणं बंधनकारक झालं. ती अट ज्या सूत्रावर उभी होती, ते २०१३ मध्ये अलाबामातल्याच एका काउंटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं.

लाउन्डसमध्ये नाव नोंदवलं म्हणून जमीनदारांनी कुळांना हुसकावलं; डिसेंबर १९६५ पासून ती कुटुंबं महामार्ग ८० लगत तंबूंत राहिली. तिथेच कृष्णवर्णीयांनी स्वतःचा पक्ष काढला. मतपत्रिकेवर राज्यातल्या गोऱ्यांच्या पक्षाचं चिन्ह पांढरा कोंबडा होतं. यांनी काळा पँथर घेतला. १९६६ च्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी तो आपल्या ‘ब्लॅक पँथर’ पक्षासाठी उचलला, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने त्यांचं नाव घेतलं.