सान मार्झानो टोमॅटो: डबा घेण्याआधी लेबल वाचा

एकाच नावाचे दोन डबे शेजारी ठेवलेले, आणि एकाची किंमत बरीच जास्त. असं का, हे ग्राहक रोज विचारतात.

सान मार्झानो हे टोमॅटोच्या वाणाचं नाव आहे. त्याचं बी कॅलिफोर्नियातही लावतात आणि तिथल्या डब्यावरही हेच नाव छापलेलं असतं. युरोपीय संघाचं 'डीओपी' (संरक्षित मूळस्थान) हे मानांकन मात्र 1996 पासून फक्त इटलीतल्या, व्हेसुव्हियस ज्वालामुखीजवळच्या सार्नो खोऱ्यातल्या मालाला आहे. अशा डब्यावर लाल-पिवळा गोल शिक्का असतो आणि नावात 'देल्लाग्रो सार्नेसे-नोचेरिनो' हे शब्द असतात. यातलं एक जरी नसलं, तरी जास्त पैसे मोजू नका. आणखी एक खूण: डीओपी माल सोललेला अख्खा किंवा उभ्या फाकींचा असतो. बारीक चिरलेल्या तुकड्यांवर किंवा प्युरीवर हे नाव दिसलं, तर शंका घ्या.

सार्नो खोऱ्यातली जमीन ज्वालामुखीच्या राखेची, खोल, भुसभुशीत आणि पालाशयुक्त (पोटॅशियमची) आहे. टोमॅटोतली साखर आणि आंबटपणा भरायला पालाश लागतं. पण नुसती माती चव देत नाही, हे आम्ही आवर्जून सांगतो. तोडणीच्या तोंडावर पाणी जास्त झालं, तर त्याच जमिनीतलं फळ पाणचट निघतं. तिथे वेल काठ्यांवर चढवतात आणि फळ वेलावर पूर्ण लाल झाल्यावरच हाताने तोडतात, त्यामुळे एकाच शेतात अनेक तोडे होतात. आपल्याकडे नारायणगाव किंवा पिंपळगावहून लांबच्या बाजारात जाणारा टोमॅटो रंग धरतानाच तोडावा लागतो. त्याची साल जाड असते, कारण त्याला ट्रकचा प्रवास सोसायचा असतो. सार, रस्सा, कोशिंबिरीला तोच घ्या. त्या पदार्थांत सान मार्झानोचा डबा वाया जाईल.

डबा उघडल्यावर फळ लांबट, जाड गराचं आणि कमी बियांचं दिसायला हवं. शिजवूनही फोडी टणक राहिल्या, तर घटकांत कॅल्शियम क्लोराइड आहे का पाहा. ते फोडींचा आकार टिकवतं आणि सॉस मिळून येऊ देत नाही.

पिझ्झासाठी 400 ग्रॅमच्या डब्याला साधारण 4 ग्रॅम मीठ घाला आणि टोमॅटो हाताने कुस्करा. आधी शिजवू नका, भट्टीत शिजतोच. मिक्सर टाळा: बिया भरडून कडवटपणा येतो आणि हवा शिरून लाल रंग फिका नारिंगी होतो. उरलेला सॉस डब्यात ठेवू नका, काचेच्या बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा.