फड बागायत (खानदेश)

फड बागायत : जमिनीची मालकी ज्याची त्याच्याकडे ठेवून बंधाऱ्याचे पाणी गावाने मिळून वापरण्याची खानदेशातील जुनी पद्धती. धुळे जिल्ह्यात पांझरेवर आणि लगतच्या बागलाणात मोसम व आरम या नद्यांवर ती विशेष रुजली. एका बंधाऱ्यावर भिजणाऱ्या क्षेत्राला ‘थळ’ म्हणतात. थळाचे फड (म्हणजे मोठे भाग) पाडतात, बहुधा चार. एका फडात एका हंगामाला एकच पीक घेतले जाते. त्यामुळे सर्वांची पाण्याची पाळी एका वेळी येते आणि पाट उगाच वाहत राहत नाही. शेतकऱ्याची जमीन सहसा प्रत्येक फडात थोडीथोडी असल्याने एखादा फड कोरडा राहिला तरी त्याची झळ सगळ्यांना सारखी बसते. पद्धतीचे खरे मर्म यात आहे.

उगम : बंधारे दगड-चुन्याचे असून त्यांचे वय सामान्यतः तीनशे ते चारशे वर्षे मानले जाते. त्यांचे श्रेय काही जण फारुकी सुलतानांना (सु. १३८२–१६०१) देतात, तर काही त्याही मागे यादवकाळापर्यंत जातात. फारुकींची आरंभीची राजधानी तापीकाठी थाळनेरला होती, हे पहिल्या मताला पोषक आहे. तथापि मोसम व आरम यांचे खोरे मुल्हेरच्या बागुल राजांकडे होते; ते अधूनमधून मांडलिक असले तरी बागलाण मोगलांनी जिंकले ते १६३८ मध्ये. तेव्हा सर्व बंधारे एकाच राजवटीच्या पदरात टाकणे कठीण दिसते. गावोगाव, गरजेप्रमाणे, निरनिराळ्या काळी ते बांधले गेले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

उन्हाळी भाजीपाला : फाल्गुन सरत आला की नदीची धार बारीक होते. मग किती फड भिजवायचे ते गाव ठरवते. भाजीपाल्याला वाव मिळतो तो विहिरीची जोड असलेल्या वाफ्यांत : गवार, भेंडी, मिरची, काकडी, दोडकी आणि गिलकी (इतरत्र घोसाळी). भरताचे वांगे मात्र हिवाळ्याचे. वेलांना आळी, भेंडी-गवारीला सरी-वरंबा करतात. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो व मिरचीची फुले गळू लागतात. म्हणून पाणी हलके, लवकर लवकर आणि सकाळी किंवा सांजेला देतात.

दारे धरणे, म्हणजे पाटातून वाफ्यात पाणी सोडणे, हे कसबाचे काम आहे. पाटाच्या कडेची चिखलाची ढेप फावड्याने उचलली की पाणी वाफ्यात शिरते. ते शेवटच्या टोकाला पोहोचण्याच्या थोडे आधीच तीच ढेप परत दाबायची, कारण आत शिरलेले पाणी उरलेले अंतर आपोआप कापते. उशीर झाला तर वाफा फुटतो व रोपांच्या मुळांशी पाणी साचते. फडात हे काम गावाने नेमलेला पाटकरी करतो. राखणीला जागल्या असतो. दोघांनाही पूर्वी धान्याच्या रूपाने मोबदला मिळे.

सद्यःस्थिती : पांझरेवर लाटीपाडा व तिची उपनदी कान हिच्यावर मालणगाव येथे धरणे झाल्यावर बंधाऱ्यांत येणारे पाणी वरच्या विसर्गावर अवलंबून राहू लागले. विहिरी व पंप वाढले, तसा एका फडात एक पीक हा नियमही सैल झाला. पाटातील गाळ काढणे मात्र एकट्यादुकट्याने होणारे काम नाही.