बेकचे चॅपेल, ऑकलंड कॅसल

इंग्लंडच्या ईशान्य भागातील डरहॅम परगण्यात, बिशप ऑकलंड येथील ऑकलंड कॅसलच्या आवारात जमिनीखाली अवशेषरूपाने उरलेले चौदाव्या शतकाच्या आरंभीचे दुमजली प्रार्थनास्थळ. राजवाड्याला वा गढीला जोडलेल्या अशा प्रार्थनास्थळाला चॅपेल म्हणतात. हे चॅपेल बांधवून घेणारा डरहॅमचा बिशप अँटनी बेक (मृत्यू १३११) हा केवळ धर्मगुरू नव्हता. डरहॅमच्या बिशपांना आपल्या प्रदेशात स्वतःची न्यायालये, टांकसाळ आणि सैन्य ठेवण्याचे अधिकार होते, आणि बेक स्वतः १२९८ मध्ये स्कॉटलंडमधील फॉल्कर्कच्या लढाईत पहिल्या एडवर्ड राजाच्या बाजूने फौजेसह उतरला होता. पॅरिसचे सेंत-शापेल आणि वेस्टमिन्स्टरचे सेंट स्टीफन्स ही दुमजली चॅपेले राजांची होती. त्याच धर्तीचे चॅपेल बिशपने स्वतःसाठी उभारावे, यात त्याच्या सत्तेचा दावा स्पष्ट दिसतो.

सतराव्या शतकात राजा आणि पार्लमेंट यांच्यात झालेल्या यादवी युद्धानंतर बिशपपद रद्द होऊन त्याच्या जमिनी विकल्या गेल्या. त्या वेळी पार्लमेंटच्या पक्षाचा नेता सर आर्थर हेसलरिग याने कॅसल विकत घेतला, १६५० च्या दशकात सुरुंगाच्या दारूने हे चॅपेल उडवले आणि त्याचे घडीव दगड आपल्या नव्या वाड्यासाठी वापरले. राजेशाही परतल्यावर बिशप जॉन कोझिनने तो वाडा पाडला. मात्र जुने चॅपेल पुन्हा न बांधता बाराव्या शतकातील मोठ्या दिवाणखान्याचेच सेंट पीटर्स चॅपेल केले. तेच आज उभे आहे.

जमिनीवर खूण न उरल्याने बेकच्या चॅपेलची नेमकी जागाही विस्मरणात गेली. ती २०१९ मध्ये डरहॅम विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांच्या उत्खननात सापडली. सुमारे दीड मीटर जाडीच्या भिंतींचा पाया, त्यांना बाहेरून टेकलेले दगडी धिरे आणि खालच्या मजल्याच्या जमिनीचा काही भाग उजेडात आला. आतील जागा सुमारे ४० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद भरते, म्हणजे सेंट स्टीफन्सहूनही मोठी. अवशेषांत सर्वांत बोलके हे धिरेच आहेत: वरचा मजला आणि छप्पर यांचा भार भिंतींवर किती पडत असावा, याची कल्पना जोत्यापाशी उरलेल्या त्यांच्या रुंद बुंध्यांवरून येते.