ईजीआर बदलायच्या आधी टर्बोचा होज बघा

जुन्या डिझेल गाडीला चेक इंजिनचा लाईट लागला, स्कॅनरवर पी०४०१ कोड आला, की गॅरेजवाला सांगतो ईजीआर वाल्व (इंजिनातून निघालेला थोडा धूर परत आत सोडणारी झडप) गेलाय, बदलावा लागेल, आणि खर्च ऐकून आपण गार. पण कोडची तक्रार एवढीच असते की धूर पाहिजे तेवढा परत फिरत नाहीये. का फिरत नाही ते शोधणं बाकीच असतं.

आता धूर परत कशाला फिरवायचा? हवेत 78 टक्के नायट्रोजन, एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण सिलेंडरमधे टेम्परेचर दीडेक हजार सेल्सिअसच्या वर गेलं की तो ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजन ऑक्साईड्स तयार होतात, ज्यांच्यापासून पुढे उन्हात जमिनीलगतचा त्रासदायक ओझोन बनतो. म्हणून बाहेर चाललेला थोडा धूर परत इनटेकमधे सोडतात, ऑक्सिजन कमी पडतो, धुरातला कार्बन डायऑक्साईड आणि वाफ उष्णता शोषतात, आणि जाळ थोडा थंड होतो.

गाडी नाशकात नुसती कॉलेज रोड-गंगापूर रोड फिरत असेल, पोरं शाळेत सोडली, भाजी घेतली, घरी, तर इंजिन धड तापतच नाही. मग काजळी आणि ऑइलची वाफ मिळून वाल्ववर डांबरासारखा चिकट थर बसतो. वाल्व उघडा अडकला तर कसारा घाट चढताना कळतं, तिथे फुल लोडला इंजिनला ताजी हवा हवी असते, मिळते अर्धवट, पिकअप गायब आणि मागे काळा धूर. बंद अडकला तर बऱ्याचदा चालवताना काहीच जाणवत नाही, नुसता लाईट.

चेक करायची खरी जागा म्हणजे एअर फ्लो सेन्सरचा, म्हणजे इंजिन किती ताजी हवा ओढतंय ते मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा. इंजिन गरम करा, आयडलिंगला ठेवा, स्कॅनरवरून वाल्व उघडायची कमांड द्या (व्हॅक्यूमने उघडणारा वाल्व असेल तर हातपंपाने व्हॅक्यूम द्या). धूर आत आला की त्याच्यामुळे तेवढी ताजी हवा कमी ओढली जाते, म्हणजे आकडा खाली आलाच पाहिजे. हातपंपाने आकडा पडतो पण गाडी स्वतःहून वाल्व उघडत नाही, म्हणजे वाल्व ठणठणीत आहे, दोष सोलेनॉईडमधे (व्हॅक्यूम चालू-बंद करणारा विजेवरचा छोटा वाल्व) नाहीतर तडकलेल्या रबरी पाईपमधे. पाईप शंभर-दोनशेत येतो हो! आकडा हललाच नाही तर वाल्व जाम, फाटलेला डायफ्राम (व्हॅक्यूमने वाल्व ओढणारा पडदा) किंवा रस्ता चोंदलेला, खोलून साफ करायचं, आणि बसवताना गॅस्केट नवीन.

अजून एक गंमत. बऱ्याच डिझेल गाड्यांत धूर किती फिरला हे कॉम्प्युटर थेट मोजत नाही, हवेवरून अंदाज बांधतो. टर्बोकडून (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याकडून) इंजिनकडे जाणारा होज फाटला की सेन्सरवरून गेलेली हवा मधेच बाहेर पळते, कॉम्प्युटरला वाटतं हवा जास्त म्हणजे धूर कमी, आणि कोड येतो तोच, पी०४०१. होजच्या क्लिपजवळ ऑइलचे ओले डाग दिसले तर आधी तिथे बघा.

आणि ते धुराच्या रस्त्यात पत्र्याचा तुकडा लावून ईजीआर बंद करून टाकायचं काम सर्रास चालतं, पीयूसीत पकडलंही जात नाही, कारण डिझेलच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साईड्स नाहीत.